सन्हेरीबाचा खून आणि चुकीच्या कानी गेलेली खबर

खापरवाचक

नगरला आजोळी रोज दिवेलागणीला आजोबा पवित्र शास्त्र मोठ्याने वाचायचे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातल्या एकोणिसाव्या अध्यायाचा शेवट माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलाय. असिरियाचा, म्हणजे आजच्या उत्तर इराकातल्या साम्राज्याचा, राजा सन्हेरीब निनवेत देवळात पूजा करत असताना अद्रम्मेलेक आणि शरेसर या त्याच्याच मुलांनी त्याला तलवारीने मारलं आणि ते अराराटात पळाले. मग एसरहद्दोन गादीवर आला. संपलं. मुलांनी बापाला का मारलं, असं मी दर वेळी विचारायचे. आजोबा म्हणायचे, ते लिहिलेलं नाही.

ते लिहिलेलं आहे, पण मातीच्या पाट्यांवर, आणि तेही तुकड्या-तुकड्यांत. गेली काही वर्षं मी त्यांचे अनुवाद मिळतील तसे वाचते आहे. आज ते सगळं एका जागी मांडावंसं वाटलं.

सुरुवात सन्हेरीबाच्या बापापासून करावी लागेल, कारण या घराण्यात गादी सरळ कुणालाच मिळालेली नाही. सन्हेरीबाचा बाप दुसरा सार्गोन इ.स.पू. ७२२ मध्ये राजा झाला. आधीच्या पाचव्या शाल्मनेसरचं काय झालं, याबद्दल तो इतकंच सांगतो की शाल्मनेसरने अश्शूर नगरीवर वेठबिगार लादली, देव कोपले आणि त्यांनीच त्याची सत्ता उलथवली. सार्गोन म्हणजे 'शर्रू-केन', साधारण 'खरा राजा'. हे नाव त्याने गादीवर बसताना घेतलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. हाच सार्गोन ७०५ मध्ये अनातोलियातल्या तबालच्या मोहिमेत मारला गेला आणि त्याचं प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. अंत्यसंस्काराविना राहिलेला राजा म्हणजे असिरियनांच्या लेखी भयंकर अपशकुन. सन्हेरीबाने बापाने नव्याने बांधलेली राजधानी दूर-शर्रूकिन सोडली आणि तो निनवेला गेला. स्वतःच्या शिलालेखांत तो बापाचं नाव जवळजवळ घेतच नाही.

सन्हेरीबाचा थोरला मुलगा अशुर-नादिन-शुमी. त्याला बापाने ७०० मध्ये बाबिलोनच्या गादीवर बसवलं. ६९४ मध्ये एलामच्या (आजच्या नैऋत्य इराणातलं राज्य) राजाने हल्ला केला, बाबिलोनच्या लोकांनी हा राजपुत्र एलामींच्या हवाली केला आणि त्यानंतर त्याचा मागमूस नाही. सन्हेरीबाने ६८९ मध्ये बाबिलोन पाडलं, देवळांसकट, आणि वर कालव्यांचं पाणी सोडलं. मला यात राजकारणाइतकाच मुलगा गेलेला बाप दिसतो.

आता वारस कोण? मागचा मुलगा अर्दा-मुलिस्सू, तो काही वर्षं युवराज मानला जात होता. पण ६८३च्या सुमारास सन्हेरीबाने त्याला बाजूला सारून धाकट्या एसरहद्दोनला नेमलं. नंतर एसरहद्दोन स्वतः सांगतो: मी भावांमध्ये धाकटा होतो, बापाने शमश आणि अदाद या देवांना कौल लावला, देवांनी 'हाच तुझ्या जागी येईल' असा होकार दिला, बापाने भावांना आणि असिरियाच्या लहानथोर प्रजेला गोळा करून शपथ घ्यायला लावली. पुढे भावांनी चहाड्या केल्या, बापाचं मन कलुषित केलं, आणि देवांनी मला सुरक्षित ठिकाणी नेऊन ठेवलं. म्हणजे युवराज राजधानीबाहेर, पश्चिमेकडे कुठेतरी, आणि डावललेला थोरला निनवेत बापाजवळ.

बाबिलोनची बखर पुढची नोंद अगदी कोरडेपणाने देते. तेबेत महिन्याच्या २० तारखेला असिरियाचा राजा सन्हेरीब याला त्याच्या मुलाने बंडात मारलं. साल ६८१. मुलाचं नाव नाही.

ते नाव मिळालं एका फुटक्या पत्रात. पत्र निनवेच्या दप्तरातलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून छापलेलं, पण त्यातलं मुख्य नाव 'अर्दी-निनलिल' असं वाचलं जायचं. १९८० मध्ये फिनलंडचे सिमो पार्पोला यांनी दाखवलं की निनलिल देवीच्या चिन्हांचा असिरियन उच्चार 'मुलिस्सू' आहे. अर्दा-मुलिस्सू. आजोबा वाचायचे तो अद्रम्मेलेक हाच. अडीच हजार वर्षं हिब्रू नकलाकारांच्या हातून फिरत आलेलं नाव, झिजलेलं, पण ओळखू येण्याइतकं शाबूत.

पत्रातली हकीकत अशी. अर्दा-मुलिस्सूने काही लोकांशी बंडाचा करार केला आहे, हे एका माणसाला कळलं. त्याने राजाकडे दाद मागितली, मला राजाशी बोलायचंय. नबू-शुम-इश्कुन आणि सिल्लाया या दोघांनी त्याला विचारलं, कशाबद्दल बोलायचंय? तो म्हणाला, अर्दा-मुलिस्सूबद्दल. त्यांनी त्याचाच झगा त्याच्या तोंडावर ओढला आणि त्याला नेऊन उभं केलं थेट अर्दा-मुलिस्सूपुढे. म्हणाले, तुझी दाद ऐकली गेली, आता बोल. चेहरा झाकलेला, समोर राजा आहे अशा समजुतीत तो बोलला: तुझा मुलगा अर्दा-मुलिस्सू तुला मारणार आहे. मग त्यांनी चेहरा उघडा केला, अर्दा-मुलिस्सूने त्याची उलटतपासणी घेतली, आणि त्याला व त्याच्या भावांना ठार मारलं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. साऱ्या असिरियात ज्या एका माणसाने खरं सांगायचा प्रयत्न केला, त्याचं बोलणं बरोबर निघालं, फक्त कान चुकला. पुढच्या दोन पिढ्यांत या घराण्याने जे काही केलं ते मला याच एका प्रसंगातून समजतं: खबर योग्य कानापर्यंत कशी पोचवायची.

तुमचं मत ऐकायला आवडेल. विशेषतः खून अर्दा-मुलिस्सूनेच केला यावर कुणाची शंका असेल तर जरूर लिहा.

निळावंती

ताई, फार सुंदर मांडलंय. एक गोष्ट जोडते. या तिघांच्या नावांतच ही कहाणी आहे. सन्हेरीब म्हणजे 'सिन-अहे-एरिबा', चंद्रदेव सिनने गेलेल्या भावांची भरपाई केली. म्हणजे त्याच्या आधी जन्मलेली मुलं वाचलेली नव्हती. एसरहद्दोन, 'अशुर-अहा-इद्दिना', अशुरने भाऊ दिला. आणि त्याचा मुलगा अशुरबनिपाल, 'अशुर-बानी-अप्ली', अशुर हा वारस निर्माण करणारा. भाऊ, भाऊ, वारस. ज्या भावाला देवाने 'दिला' असं नाव ठेवलं, त्याच्यावरच बाकीचे भाऊ उठले.

वाटसरू

तेबेत म्हणजे कुठला महिना? आणि बंड किती दिवस चाललं?

खापरवाचक

वाटसरू, हे सोपं आहे, कारण त्यांची कालगणना आपल्यासारखीच. चांद्रमहिने, चंद्रकोर दिसली की महिना सुरू, वर्षाची सुरुवात वसंतात निसन्नू महिन्याने, आणि ऋतूंशी मेळ बसवायला अधिक महिना. निसन्नू चैत्र धरला तर दहावा तेबेत म्हणजे पौष, शबात म्हणजे माघ, अद्दारू म्हणजे फाल्गुन. तेबेत २० म्हणजे आपल्या हिशेबाने पौष वद्य पंचमीच्या आसपास. बखर म्हणते, बंड अद्दारूच्या २ तारखेपर्यंत चाललं. सुमारे सहा आठवडे.

त्यातला माघ सगळ्यात कडाक्याचा. एसरहद्दोन म्हणतो की शबातची थंडी आणि बर्फ असूनही मी थांबलो नाही, घोड्यांची मोजदाद केली नाही, शिधासामग्री गोळा केली नाही. हनिगल्बतच्या प्रदेशात भावांचं सैन्य आडवं आलं आणि तिथे त्या सैन्यातूनच आवाज उठला, 'हा आमचा राजा'. लोक फुटून त्याच्याकडे आले. भाऊ पळाले. अद्दारूतच तो निनवेत शिरला आणि गादीवर बसला.

मुळामुठा

शंका मागितलीत म्हणून लिहितो. राग मानू नका.

हे सगळं आपल्याला कोण सांगतंय? जो जिंकला तो, एसरहद्दोन. आणि तो काय सांगत नाही हेही बघा. तुम्ही दिलेला वृत्तांत मी पुन्हा काढून वाचला. भावांनी वेड्यासारखं केलं, निनवेत शस्त्रं उपसली, करडांसारख्या एकमेकांना ढुशा दिल्या, सगळं आहे. बाप मेला हे कुठे स्पष्ट शब्दांत नाही! बापाचा खून हा भावांवरचा सर्वांत मोठा आरोप, तो हा माणूस गिळून का टाकतो?

दुसरं. तो स्वतःच कबूल करतो की बापाचं मन त्याच्याबद्दल फिरलं होतं. लगेच सारवासारव करतो की अंतर्यामी बापाला माझ्याबद्दल माया होती, मीच राजा व्हावा असं त्याच्या मनात होतं. पण मन फिरलं होतं म्हणजे युवराजपद जाण्याच्या वाटेवर होतं. मग सन्हेरीब आणखी वर्षभर जगला असता तर तोटा कुणाचा? अर्दा-मुलिस्सूचा नव्हे. तो निनवेत होता, बापाचं मन वळवण्यात यशस्वी झाला होता, त्याला फक्त थांबायचं होतं. घाई बाहेर बसलेल्याला असते. आणि खुनानंतर इतक्या तातडीने सैन्य घेऊन निघणारा माणूस तयारीशिवाय निघाला हे तोच सांगतो. मला ते तयारीत असलेल्या माणसाचं बोलणं वाटतं.

तिसरं, ते पत्र. नव्या राजाच्या काळात त्याच्या दरबारी लिहिलेलं पत्र त्याच्या भावाला दोषी धरणार नाही तर कुणाला? अलीकडे काही अभ्यासकांनीही एसरहद्दोनवर संशय व्यक्त केला आहे. मी ठाम म्हणत नाही, पण खटला बंद झालेला नाही.

खापरवाचक

मुळामुठा, राग कसला. तुमचा दुसरा मुद्दा मलाही छळतो. बापाचं मन फिरलं, हे वाक्य लिहिलं नसतं तरी चाललं असतं, तरी त्याने लिहिलं. म्हणजे ते सगळ्यांना माहीत होतं आणि लपवता येण्यासारखं नव्हतं.

तरीही मी अर्दा-मुलिस्सूवरच येऊन थांबते. एक तर राजांचं पुस्तक लिहिणाऱ्या यरुशलेमच्या लेखकाला एसरहद्दोनची बाजू घ्यायचं काही कारण नव्हतं, त्याला फक्त सन्हेरीबाला शिक्षा झाली एवढं दाखवायचं होतं. (त्याचं वाचताना सन्हेरीबाने यरुशलेमला घातलेल्या वेढ्यानंतर लगेच खून झाल्यासारखं वाटतं; वेढा ७०१ चा, खून ६८१ चा, मधे वीस वर्षं. आणि ज्याच्या देवळात खून झाला असं तो सांगतो, तो निस्रोख नावाचा देव असिरियन देवमंडळात सापडत नाही.) तपशिलात तो असा कच्चा असूनही मारेकऱ्याचं नाव मात्र पत्राशी जुळतं. दोन्हीकडे एकच अफवा पोचली असेल असं तुम्ही म्हणू शकता. पण मला पत्रातली ती झग्याची हकीकत बनावट वाटत नाही. खोटं रचणारा साधं रचतो. चेहरा झाकून, फसवून, खोट्या राजापुढे उभं करणं ही गोष्ट दरबारातल्या आतल्या माणसालाच सुचेल, आणि तिच्यात दोन अधिकाऱ्यांची नावं आहेत. पत्राचा हेतू त्यांना गुंतवणं हाच दिसतो.

तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर माझ्या मते तारखेत आहे. तो वृत्तांत गादीवर बसल्याबरोबर लिहिलेला नाही. तो ६७३ चा, म्हणजे आठ वर्षांनंतरचा. आणि पुढच्याच वर्षी, ६७२ च्या वसंतात, एसरहद्दोनने आपल्या वारसाची घोषणा केली. असिरियाची गादी अशुरबनिपालला. बाबिलोनची गादी शमश-शुम-उकीनला, जो थोरला होता!

थोरल्याला डावलून धाकट्याला. त्याच्या बापाने जे केलं आणि ज्यापायी जीव गमावला, तेच. 'मी धाकटा होतो, देवांनी मला निवडलं, थोरल्यांनी बंड केलं आणि देवांनी त्यांना धुळीला मिळवलं' हा वृत्तांत ६७३ मध्ये दरबाराला ऐकवण्यामागे हेच होतं, असं मला वाटतं. प्रेताचा उल्लेख करणं गैरसोयीचं होतं, कारण त्याच धड्याचा उलटा अर्थही निघतो: धाकट्याला नेमणारा बाप मारला जातो.

सांजवेळ

हो, आणि त्याच ६७२ ची ती शपथपत्रं! १९५५ मध्ये निमरूदला, असिरियाच्या एका जुन्या राजधानीत, नबू देवाच्या देवळाच्या परिसरात, सिंहासनाच्या दालनात, साडेतीनशेच्या वर तुकडे सापडले. जोडल्यावर कळलं की मीडियाच्या (आजच्या पश्चिम इराणातला प्रदेश) निरनिराळ्या नगरांच्या सरदारांकडून घेतलेल्या एकाच शपथेच्या या प्रती आहेत. एकेक पाटी जवळजवळ दीड फूट उंच, साडेसहाशेच्या वर ओळी, वर अशुर देवाच्या तीन मुद्रा. २००९ मध्ये तुर्कस्तानात तेल तायिनातच्या देवळात आणखी एक प्रत निघाली, म्हणजे शपथ फक्त मीडियाच्या लोकांनाच नव्हती, साऱ्या साम्राज्याला होती.

तुम्ही खबरेबद्दल लिहिलंत तेव्हा मला यातलं कलम आठवलं. अशुरबनिपालविरुद्ध वाईट, अशोभनीय शब्द कुणाच्याही तोंडून ऐकलात, मग तो त्याचा भाऊ असो, चुलता असो, चुलतभाऊ असो, तुमचा स्वतःचा भाऊ, मुलगा, मुलगी असो, अंगात येणारा भगत असो नाहीतर शकुन पाहणारा, तर लपवायचा नाही, येऊन अशुरबनिपालला सांगायचा. केवढी ती यादी. माणसाच्या जवळचं असं एकही नातं सोडलेलं नाही.

आणि शेवटी शाप. पानंच्या पानं शाप. चंद्रदेव तुमच्या अंगावर कोड पांघरो आणि तुम्ही रानगाढवासारखे माळावर भटको. जमीन लोखंडाची होवो, आभाळ तांब्याचं होवो आणि त्यातून थेंब न पडो. भुकेपायी आई मुलीला दार लावून घेवो, तुम्ही आपल्याच मुलांचं मांस खावो.

दगडफूल

मी थोडं जुन्या काळात जातो. गादी कशी कुणाच्या हाती पडेल याची मला माहीत असलेली सगळ्यात विलक्षण गोष्ट आजच्या दक्षिण इराकातल्या इसिन नगरीची, इ.स.पू. एकोणिसाव्या शतकातली. राजा एर्रा-इमित्ती. ग्रहणासारखा अपशकुन राजाच्या जिवावर येणार असेल तर दुसऱ्याच कुणाला तरी काही दिवस राजा करायचं, अनर्थ त्याच्यावर पडू द्यायचा, मग त्याला मारायचं आणि खरा राजा परत बसायचा, ही त्यांची रीत. एर्रा-इमित्तीने एन्लिल-बानी नावाच्या माळ्याला डोक्यावर मुकुट घालून गादीवर बसवलं. आणि खरा राजा आपल्या वाड्यात गरम लापशीचा घोट घेताना मेला. गादीवर बसलेला माळी उठलाच नाही. त्याने चोवीस वर्षं राज्य केलं. बखरीत लिहिलंय म्हणून ते तसंच घडलं असेल असं नाही, पण एन्लिल-बानी हा खरा राजा होता, त्याचे स्वतःचे लेख आहेत.

हीच रीत बाराशे वर्षांनी एसरहद्दोनने पुन्हा पुन्हा केली. तेवढे दिवस त्याला पत्रांत 'राजा' म्हणायचं नाही, 'शेतकरी' म्हणायचं. त्याच्या माणसाचं एक पत्र आहे: अक्कदच्या मुख्य पुजाऱ्याचा मुलगा दम्की हा बदली राजा झाला, असिरिया-बाबिलोनवर त्याने 'राज्य' केलं आणि मग तो आपल्या राणीसकट मेला. अक्कदचे लोक घाबरले होते, आम्ही त्यांना धीर दिला, असंही त्यात आहे. बदली म्हणून एरवी कुणीतरी नगण्य माणूस घेत. इथे मोठ्या घरचा मुलगा घेतला. ते मला साधं वाटत नाही.

हरभरा

सन्हेरीब हा काही पहिला नव्हे. त्याच्या सव्वापाचशे वर्षं आधी, तेराव्या शतकात, असिरियाच्या पहिल्या तुकुल्ती-निनुर्ताने बाबिलोन जिंकलं, तट पाडला, मर्दूक देवाची मूर्ती उचलून नेली. पुढे त्याच्याच मुलाने आणि सरदारांनी बंड केलं, त्याला गादीवरून उतरवलं, त्याने नव्याने वसवलेल्या नगरीत एका खोलीत कोंडलं आणि मारलं. बाबिलोनच्या बखरकारांना यात मर्दूकचा हात दिसतो. सन्हेरीबाबद्दलही तेच: सव्वाशे वर्षांनी बाबिलोनचा राजा नबोनिदस आपल्या शिलालेखात लिहितो की ज्याने बाबिलोन उद्ध्वस्त केलं त्याला त्याच्याच पोटच्या मुलाने शस्त्राने पाडलं. बाबिलोनला हात लावणाऱ्याचा मुलगाच त्याचा काळ होतो, अशी ती श्रद्धा.

कोपरा

मुंबईत राहणाऱ्यांसाठी. काळा घोड्याजवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदच्या राजवाड्यातल्या असिरियन कोरीव शिळा आहेत. १८४० च्या दशकात उत्खननातला माल बसऱ्याहून बोटीने आधी मुंबईला येई आणि मग लंडनला जाई, त्या प्रवासातल्या काही इथेच राहिल्या. हा धागा वाचून काल मुलीला घेऊन गेलो होतो. त्या शिळा सन्हेरीबाच्या आधीच्या, पण दाढीचे कुरळे थर, दंडाचे स्नायू, आणि चेहऱ्यावर काहीही भाव नसणं, हे बघून दरबाराची कल्पना येते. मुलीने विचारलं, यातला राजा कोण आणि त्याला मारणारा कोण हे कसं ओळखायचं? मला सांगता आलं नाही.

निळावंती

या सगळ्यात नकियाला विसरू नका. एसरहद्दोनची आई. नकिया हे अरामी नाव, 'शुद्ध'. अक्कडीत, म्हणजे असिरिया-बाबिलोनच्या भाषेत, त्याचंच भाषांतर करून तिला जकूतू म्हणत. थोरल्या सवतीच्या मुलांना मागे टाकून धाकट्याला युवराजपद मिळण्यात तिचा हात होता असं मानणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. पण पुढचं पक्कं आहे. ६६९ मध्ये एसरहद्दोन इजिप्तच्या मोहिमेवर निघालेला वाटेतच वारला. तेव्हा या बाईने, म्हणजे आता आजीने, स्वतःच्या नावाने शपथ घ्यायला लावली. 'सन्हेरीबाची राणी, एसरहद्दोनची आई जकूतू हिचा करार' अशी सुरुवात, आणि बांधील असणाऱ्यांत पहिलं नाव थोरल्या नातवाचं, शमश-शुम-उकीनचं. नवरा मुलाच्या हातून गेलेला, मुलगा आजारात गेलेला. आता नातवांत तेच होऊ नये म्हणून म्हातारीने दोन्ही नातवांच्या मधे उभं राहावं, याने मला गलबलून येतं. त्या करारातही तेच कलम आहे, कटाची कुणकुण लागली तर येऊन सांगा: मला आणि अशुरबनिपालला.

लूव्हरमध्ये ब्राँझचा एक पत्रा आहे, त्यावर राजाच्या मागे ती उभी आहे, नावानिशी.

मुळामुठा

एसरहद्दोनच खुनी, हा माझा संशय थोडा ढिला झाला आहे, आणि तो एसरहद्दोनच्या पत्रव्यवहारामुळेच. खबर देण्याची ही व्यवस्था त्याच्या हयातीत कशी चालली ते बघा.

त्याच्यासाठी शमशला लावलेले कौल उपलब्ध आहेत. मेंढराचं यकृत बघून विचारायचं: खोजे, दाढीवाले अधिकारी, राजाच्या जवळची माणसं, रथी, पहारेकरी, यांपैकी कुणी एसरहद्दोनविरुद्ध उठेल का? सांजवेळ यांनी दिलेल्या यादीसारखीच, संपता न संपणारी. त्याच्या आजारपणाची पत्रं आहेत. वैद्य लिहितो की राजा सारखा विचारतो, माझ्या दुखण्याचं निदान का करत नाहीस? दुसरा विद्वान विनवतो की राजाने अन्नाला शिवलेलं नाही, हा तिसरा दिवस, आता पुरे. अशा माणसापर्यंत हर्रानहून (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) एक पत्र आलं. हर्रानच्या वेशीवर एका दासीच्या अंगात येतं आणि ती नुस्कू देवाच्या वतीने बोलते: राजपद सासी नावाच्या माणसाचं आहे, सन्हेरीबाचं नाव आणि बीज मी नष्ट करीन. पत्र लिहिणारा कळवळून सांगतो, जीव वाचव, वाड्यात सुरक्षित राहा. म्हणजे शपथेप्रमाणे खबर या वेळी बरोबर कानावर गेली.

आणि बखरीत ६७० ची नोंद: असिरियात राजाने आपल्या अनेक मोठ्या अधिकाऱ्यांना तलवारीने मारलं.

त्यांतले किती खरोखर कटात होते कोण जाणे. खबर पोचत नव्हती तेव्हा राजा मेला, खबर पोचू लागली तेव्हा दरबार मेला. दगडफूल, तुमचा तो दम्की त्याच्या आदल्याच वर्षीचा. एसरहद्दोनने बापाचा खून पचवला असेल असं मला आता म्हणवत नाही. तो त्या खुनाच्या सावलीत जगला.

खापरवाचक

मुळामुठा, मनापासून आभार. मी हे तुमच्याइतकं नेमकं लिहू शकले नसते.

दोन्ही भावांचं पुढे काय झालं ते विचारणारे निरोप आलेत, ते लिहून थांबते.

६७२ मध्ये अदाद-शुमू-उसुर या दरबारी विद्वानाने एसरहद्दोनला लिहिलं होतं: स्वर्गात जे झालं नाही ते राजाने पृथ्वीवर करून दाखवलं, एका मुलाला असिरियाचं राज्य दिलं, थोरल्याला बाबिलोनचं. स्तुतीच आहे ती. पण 'स्वर्गात झालं नाही' हे शब्द मी वाचते तेव्हा वाटतं, म्हाताऱ्याला धोका दिसत होता आणि तो तेवढंच म्हणू शकत होता.

व्यवस्था सोळा वर्षं टिकली. थोरला भाऊ बाबिलोनला राजा, पण धाकट्याच्या ताबेदारीत. ६५२ मध्ये शमश-शुम-उकीन उठला. एलाम, कास्दी (दक्षिण बाबिलोनियातल्या टोळ्या), अरब, सगळे त्याच्या बाजूने. अशुरबनिपालने बाबिलोनला वेढा घातला. आत इतका दुष्काळ पडला की लोकांनी मुलाबाळांचं मांस खाल्लं, असं अशुरबनिपालचे लेख सांगतात. सांजवेळ यांनी वर दिलेला शाप पुन्हा वाचा. लेखकाने तो समोर ठेवूनच हे लिहिलंय. ६४८ मध्ये शहर पडलं आणि शमश-शुम-उकीन आगीत मेला. त्याने स्वतः उडी घेतली की त्याला कुणी ढकललं हे लेखात मुद्दाम धूसर ठेवलेलं आहे: देवांनी त्याला आगीत टाकलं.

पराभूतांपैकी जे जिवंत हाती लागले त्यांच्याबद्दल अशुरबनिपाल लिहितो: ज्या पंखवाल्या मानवमुखी बैलांपाशी माझ्या आजोबाला, सन्हेरीबाला, पाडलं होतं, तिथेच मी या लोकांना पाडलं, त्याच्या नावाने पिंडदान म्हणून. तेहेतीस वर्षं झाली होती त्या पौषातल्या दिवसाला. नातू तेव्हा लहान असेल. ती जागा कुठली, हे घरात कुणीतरी त्याला दाखवलं असणार.

आणि ती शपथपत्रं. निमरूद पडलं तेव्हा, निनवे पडलं त्या ६१२ च्या सुमारास, कुणीतरी ती सिंहासनाच्या दालनात फोडून टाकली. मीडियाच्या ज्या सरदारांनी शपथ घेतली होती त्यांचेच वंशज तेव्हा हल्लेखोरांत होते, त्यामुळे फोडणारे तेच असावेत असं अनेकांना वाटतं. तेव्हा तिथे असिरियाच्या बाजूने खबर द्यायला कुणी उरलं नव्हतं.

त्या तोंडावर झगा ओढलेल्या माणसाची हकीकत सांगणारं पत्र मात्र टिकलं. वरची कड तुटल्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव गेलंय. आजोबा असते तर त्यांना मी हे पहिल्यांदा वाचून दाखवलं असतं.